अळणी पाव

फ्लॉरेन्समधील पावात मीठ नसते. ही गोष्ट मला आगाऊ कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी त्या पहिल्या रात्री ती माझ्या जिभेला जशी कळली तशी कानांना कळली नसती. नोव्हेंबरचा अखेरचा आठवडा होता. सांता मारिया नोव्हेल्लाच्या स्थानकावर उतरून, पावसाने निसरड्या झालेल्या दगडी फरसबंदीवरून पेट्यांची चाके खडखडवीत आम्ही उभयता आर्नो नदीपलीकडच्या आमच्या मुक्कामी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता, आणि तीन दिवसांच्या त्या वास्तव्याचा श्रीगणेशा चित्रांनी वा देवालयांनी न होता पोटात उसळलेल्या भुकेने झाला. शेजारच्या बोळात एक लहानशी खानावळ होती. बसतो न बसतो तोच वाढप्याने जाड कवचाच्या पावाचे चार तुकडे टोपलीत घालून पुढे ठेवले. मी अधीरपणे एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि चावता चावता थांबलो. सौभाग्यवतीनेही तेच केले होते. "अहो, मीठ विसरले की काय हे लोक?" ती म्हणाली. वाढप्याला मराठी समजण्याचे कारण नव्हते, परंतु परदेशी पाहुण्यांच्या चर्येवरचा तो विशिष्ट संभ्रम त्याने हजारदा पाहिलेला असावा, कारण काही न विचारताच त्याने दोन्ही हात किंचित पसरले आणि "तोस्काना!" एवढे आपल्या प्रांताचे नाव, एकाच शब्दात, एखाद्या घराण्याचा कुलाचार सांगावा अशा स्वरात, उच्चारला.

या कुलाचाराच्या उपपत्ती अनेक आहेत. बाराव्या शतकात पिसा शहराने वैर साधण्यासाठी समुद्राकडून येणारी मिठाची वाट अडविली, तेव्हा फ्लॉरेन्सच्या मानी नागरिकांनी शरण जाण्याऐवजी अळणी पाव खाणे पत्करले, ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय आणि म्हणूनच सर्वांत संशयास्पद. मिठावरील कराचा जाच हे दुसरे कारण सांगतात. तिसरी उपपत्ती निव्वळ स्वयंपाकघरातली आहे : इकडचे खारवलेल्या मांसाचे काप आणि मेंढीच्या दुधाचे चीज इतके खारट, की पावाने आपला आवाज न चढविणे हेच शहाणपणाचे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ही तिसरी उपपत्ती पटायला वेळ लागत नाही. आमच्या कोल्हापूरकडच्या भाकरीत तरी मीठ कुठे असते? आणि जोवर तिच्यावर खर्ड्याचा गोळा आहे तोवर ते नसल्याची तक्रार कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तथापि एक शंका मनात राहिलीच. मराठी माणूस इमानाची भाषा मिठाने बोलतो. खाल्ल्या मिठाला जागणे हा शिलेदारापासून कारकुनापर्यंत सर्वांचा धर्म मानला गेला, आणि त्या धर्माला जो चुकला त्याच्यासाठी जी शिवी राखून ठेवली तीही मिठाचीच. मग ज्या गावाच्या अन्नात मीठच नाही, त्या गावाचे देणे माणसाने कोणत्या खाती मांडावे?

या पावाची सर्वांत प्रसिद्ध साक्ष ज्याने काढली त्याला हे शहर पारखे झाले होते. दान्ते हा फ्लॉरेन्सचा पुत्र. नगराच्या कारभारात त्याने अधिकाराची जागाही भूषविलेली. परंतु पक्षोपपक्षांच्या झगड्यात विरुद्ध बाजूची सरशी झाली, आणि १३०२ सालच्या जानेवारीत त्याच्यावर दंड व हद्दपारीचा हुकूम बजावण्यात आला. मार्च महिन्यात त्या हुकुमाला जोड मिळाली ती अशी, की हा इसम नगराच्या हाती सापडल्यास त्याला जिवंत जाळावे. तो पुन्हा कधी परतला नाही. १३२१ साली रावेन्ना येथे त्याने देह ठेवला. त्याच्या महाकाव्याच्या तिसऱ्या खंडातील सतराव्या सर्गात त्याचा एक पूर्वज त्याला वनवासाचे भविष्य सांगतो, आणि परक्याघरचा पाव किती खारट लागतो हे तुला कळेल असे त्यात येते. टीकाकारांनी या ओळीतून पराधीनतेचे दुःख, आश्रितपणाची मानहानी, डोळ्यांतले पाणी असे अनेक लाक्षणिक अर्थ काढले आहेत व ते सारे यथार्थ असतील. पण त्या खानावळीत बसून अळणी पावाचा दुसरा तुकडा चघळताना मला वाटले, की या ओळीचा वाच्यार्थच केवढा हृदयद्रावक आहे! जन्मभर बिनमिठाचा पाव खाल्लेला मनुष्य परमुलखात जातो आणि पहिल्या घासालाच त्याची जीभ त्याला सांगते, की हे घर नव्हे.

प्रेक्षणीय स्थळांविषयी मी विस्ताराने लिहीत नाही. ती यादी कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडते आणि माझ्यापेक्षा अधिक बिनचूक सापडते. माझ्या मनात या प्रवासाचे एक निराळेच टिपण होते आणि त्याच्या शिरोभागी एक साल लिहिलेले होते, १८७०. जे जे पाहावे ते त्या साली कसे होते याची मनाशी रुजवात घालण्याचा मला छंदच जडला. महामंदिरासमोर उभे राहून लोक हिरव्या, पांढऱ्या आणि गुलाबी संगमरवराच्या ज्या भव्य दर्शनी भिंतीची छायाचित्रे घेतात ती भिंत १८७० साली नव्हती. जुना अपुरा दर्शनी भाग १५८७ साली उतरविण्यात आला आणि त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे जगातले हे एक अत्यंत विख्यात मंदिर उघड्या, ओबडधोबड भिंतीनिशी उभे होते. आजचे काम पुरे झाले ते १८८७ साली. मायकेलँजेलोचा डेव्हिड त्या वेळी संग्रहालयाच्या छताखाली नव्हता. तो सिन्योरीयाच्या चौकात, जिथे १५०४ साली त्याची स्थापना झाली तिथेच, ऊन-पाऊस सोशीत उभा होता, आणि आत जायला त्याला अजून तीन वर्षे अवकाश होता. "तुमचे काय ते सत्तर साल!" सौभाग्यवती दुसऱ्या दिवशी वैतागून म्हणाली, "समोर आहे ते बघा की!"

समोर होता तो घुमट. ब्रुनेल्लेस्कीचा हा घुमट कोणत्याही सालाला दाद देत नाही. १४२० मध्ये काम सुरू झाले तेव्हा प्रश्न असा होता, की सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचे ते उघडे तोंड झाकण्यासाठी खालून लाकडाचा साचा उभारावयाचा तर तेवढे लाकूड आणावे कोठून, आणि आणले तरी ते स्वतःचाच भार सोसणार कसे? मूळचा सोनार असलेल्या या माणसाने साचाच रद्द केला. आडव्या विटांच्या थरात ठराविक अंतराने उभ्या विटा घालून माशाच्या काट्यासारखी त्याने अशी वीण विणली, की ओल्या चुन्यातल्या विटा कलत्या भिंतीवरून घसरू पाहत तेव्हा त्या उभ्या विटा त्यांना धरून ठेवीत. आणि एकेक वलय पुरे झाले की ते आपल्या आपणच उभे राही. आत एक आणि बाहेर एक अशी दोन कवचे, चाळीस लाखांच्या वर विटा, आणि १४३६ साली काम फत्ते. या दोन कवचांमधून वर जाण्याचा जिना आहे. चारशे त्रेसष्ट पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी त्यांतील प्रत्येकीची स्वतंत्र नोंद घेतली आहे. मध्येच एके ठिकाणी विसाव्यासाठी टेकलो असता हाताखाली ती उभी वीट लागली, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याच्या थापीची खूण अंगठ्याला जाणवल्याचा मला भास झाला. दमलेल्या माणसाला असे भास लवकर होतात.

उफ्फीझीमध्ये आम्ही अर्धा दिवस काढला. तेथील चित्रांबद्दल लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मला मोह पडला तो त्या नावाचा. उफ्फीझी म्हणजे कचेऱ्या. कोझिमो मेदिचीच्या आज्ञेवरून १५६० साली वासारीने ही इमारत उभारावयास घेतली ती सरकारी खात्यांना एका छपराखाली आणण्यासाठी. जेथे आज बोत्तिचेल्लीच्या व्हीनसपुढे लोक दाटीवाटीने उभे असतात ती वास्तू दप्तरे, बस्ते आणि हिशेबनिसांसाठी बांधली गेली होती. मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा हिने १७३७ साली नव्या राजवटीशी करारनामा केला. घराण्याचा सर्व कलासंग्रह तिने राज्याला दिला, परंतु यांतील एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर नेता कामा नये, या अटीवर. संस्थाने खालसा होताना जडजवाहिराच्या याद्या झाल्या आणि त्या याद्यांचे पुढे काय झाले हे ज्यांनी ऐकले-वाचले आहे अशा मराठी वाचकाला त्या एका वाक्याच्या अटीचे मोल मुद्दाम सांगावयास नको.

मग जेवण. येथे मात्र मला थांबावेसे वाटते, कारण या शहराचा खरा स्वभाव मला त्याच्या राजवाड्यांपेक्षा त्याच्या शिळ्या पावात अधिक दिसला. बिनमिठाचा पाव लवकर बुरसत नाही, तो वाळून दगड होतो. आणि त्या दगडाचे काय करावे या चिंतेतून तोस्कानातील गृहिणींनी एक सबंध पाकशास्त्र निर्माण केले. रिबोलिता या शब्दाचा अर्थच पुन्हा उकळलेली. पांढरा घेवडा, काळपट हिरव्या पानांची एक कोबीची जात, गाजर, कांदा आणि शिळा पाव यांचे हे दाट कालवण आज रांधावे, उद्या पुन्हा उकळावे, आणि परवा ते खरे खाण्यालायक होते. आदल्या रात्रीची भाकरी आमटीत कुस्करून, वर कच्च्या तेलाची धार सोडून सकाळी खाणाऱ्या आमच्या आजोळच्या माणसांना या पदार्थाची ओळख करून द्यावी लागली नसती. तेलाची धार इकडेही आहेच. ऑलिव्हची फळे शरदात उतरवितात, आणि नोव्हेंबर म्हणजे नव्या तेलाचा महिना. हिरवेगार, किंचित तिखट, घशाला झोंबणारे ते ताजे तेल भाजलेल्या पावाला लसणाची पाकळी घासून त्यावर ओतावयाचे, एवढाच एक पदार्थ. त्यावर मात्र चिमूटभर मीठ घालतात. मी तो तीन दिवसांत किती वेळा मागविला हे सांगण्यास संकोच वाटतो.

शेजारच्या मेजावर चार तरुणांनी गोमांसाचा तो प्रसिद्ध जाड काप मागविला होता. तो वजनावर विकतात, हाडासकट आणि आत लालभडक राहील असा भाजतात, आणि अधिक भाजून मागणे हा तेथे असंस्कृतपणा समजतात. आम्ही नजर आपल्या घेवड्यावर ठेवली. इटलीतले इतर लोक या तोस्कानावाल्यांना 'घेवडाखाऊ' म्हणून हिणवतात. आमची त्या बिरुदाला हरकत नव्हती. बिलाच्या तळाशी 'कोपेर्तो' नावाची एक रक्कम असते. हे कशाचे पैसे म्हणून विचारता, ते पान मांडल्याचे असा उलगडा झाला. पानाचे पैसे निराळे आणि पानातल्या अन्नाचे निराळे, ही व्यवस्था आमच्याकडच्या एकाही खानावळवाल्याला इतकी वर्षे कशी सुचली नाही याचे नवल वाटते.

हिंडताना जुन्या वाड्यांच्या भिंतींत, दरवाजाशेजारी, हातभर उंचीच्या लहान लहान कमानी दिसतात. त्या एके काळच्या मद्याच्या खिडक्या. सरदार घराणी आपल्या मळ्यांतील द्राक्षासव त्या झरोक्यातून किरकोळीने विकीत. बाहेरच्याने रिकामा शिसा आत द्यावा, आतल्याने भरून बाहेर द्यावा. मोठ्या घराचे छोटे दुकान असे राजरोस भिंतीत बसविणाऱ्या या व्यापारी सरदारांचा मला मनस्वी हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सांता क्रोचे या मंदिरात गेलो. फ्लॉरेन्सच्या कीर्तिमंतांचे हे स्मशान. उजव्या भिंतीला मायकेलँजेलो, ज्याचा देह १५६४ साली रोममध्ये पडला आणि जो चोरून, मालाच्या गठ्ठ्यात दडवून, स्वनगरीला आणण्यात आला. पलीकडे मॅकियाव्हेली, ज्याची चिटणिशी राज्यक्रांतीत गेली आणि त्या सक्तीच्या फुरसतीत ज्याने राजनीतीवरचा आपला कुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला. समोरच्या भिंतीला गॅलिलिओ, ज्याला मरणानंतर पंचाण्णव वर्षे एका लहानशा खोलीत वाट पाहावी लागली आणि १७३७ साली कोठे हे सन्मानाचे स्थान मिळाले. आणि या मांदियाळीत दान्तेचेही भव्य स्मारक आहे. ते रिकामे आहे. ज्याला जिवंत जाळण्याचा हुकूम काढला त्याच्या अस्थींसाठी फ्लॉरेन्सने पुढे शतकानुशतके रावेन्नाकडे अर्ज-विनंत्या केल्या. पोपचा दाखला घेऊन माणसे गेली तेव्हा तेथील साधूंनी अस्थी आधीच गुप्तपणे हलविल्या होत्या, आणि त्या लपविलेल्या जागी सापडल्या त्या थेट १८६५ साली. तेव्हा एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्सने उभारली ती नुसती शवपेटी. तिच्याजवळ उभी असलेली संगमरवरी इटलीमाता जणू म्हणते आहे, की येथे असावयास हवा होता. दर वर्षी सप्टेंबरात फ्लॉरेन्सकडून रावेन्नाला तेल जाते. दान्तेच्या समाधीवरचा नंदादीप त्या तेलावर जळतो. आणि २००८ साली नगरसभेने ठराव करून १३०२ चा तो हुकूम विधिपूर्वक रद्द केला! ठराव एकमताने झाला नाही, काही सभासदांनी विरुद्ध मत दिले, हे वाचून मला त्या नगरसभेविषयी उलट आदरच वाटला. सातशे वर्षांनीसुद्धा एखादे प्रकरण जेथे निव्वळ औपचारिक होत नाही ते शहर अजून जिवंत आहे.

मंदिरातून बाहेर पडून मागच्या गल्ल्यांत शिरले की सान रेमिज्यो नावाच्या बोळाच्या भिंतीवर पुराच्या दोन पट्ट्या दिसतात. एक १३३३ सालच्या महापुराची, दुसरी १९६६ सालची. आणि विलक्षण गोष्ट अशी, की दोन्ही पूर ४ नोव्हेंबरलाच आले. दुसरी पट्टी पहिलीहून उंच, माझ्या पसरलेल्या हाताच्या कितीतरी वर. १९६६ च्या त्या पुराने सांता क्रोचेतील चिमाबुएच्या क्रूसचित्राचा रंग धुऊन नेला, राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ चिखलात बुडविले, आणि देशोदेशींची तरुण मुले तो चिखल उपसावयास आपण होऊन धावली. पंचगंगेकाठी वाढलेल्या माणसाला पुराच्या खुणा वाचता येतात. घाटावरच्या देवळांची शिखरे तेवढी पाण्यावर राहिल्याचे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि अलीकडे दर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेले हे वर्तमानपत्रात आधी पाहून मगच दुसऱ्या बातम्या वाचण्याची आमच्या गावाला सवय लागली आहे.

तिथून सिन्योरीयाच्या चौकात आलो तेव्हा पाऊस थांबला होता. चौकाच्या फरशीत एक गोल शिळा बसविलेली आहे. पाय पडेपर्यंत ती लक्षात येत नाही. १४९८ सालच्या २३ मे रोजी येथे सावोनारोला या संन्याशाला फाशी देऊन जाळण्यात आले. त्याने स्वतः वर्षापूर्वी याच चौकात चित्रे, आरसे, वाद्ये आणि ग्रंथ यांची होळी पेटविली होती. त्याचे भक्त अस्थी गोळा करून पुजतील या भयाने अधिकाऱ्यांनी ती राख गाड्यांत भरून आर्नो नदीत टाकून दिली. मी त्या शिळेपाशी बराच वेळ उभा राहिलो. या शहराच्या दप्तरात अग्नीची नोंद शिक्षांच्या सदरात होती. दान्तेला त्याचाच धाक, सावोनारोलाला तीच सजा, आणि नदीत राख सोडणे म्हणजे माणसाचे नाव पुसून टाकणे. असे असता या शहराने १८७० साली एका रात्री नदीकाठी एक चिता पेटू दिली.

राजाराम कॉलेजात चार वर्षे काढूनही ते नाव कोणाचे याची विचारपूस आम्ही कधी केली नव्हती, हे आज कबूल करावयास हवे. राजाराम महाराज म्हटले की कोल्हापुरात बहुतेकांना आठवतात ते शाहू महाराजांचे चिरंजीव. त्यांच्या आधी त्याच नावाचे एक छत्रपती होऊन गेले. १८५० मध्ये जन्मलेले, १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेले, इंग्रजी शिकलेले, आणि समुद्र ओलांडणे धर्मबाह्य मानले जाण्याच्या त्या काळात विसाव्या वर्षी विलायतेला निघालेले. त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, संस्था आणि कारखाने पाहिले, आणि रोज जे पाहिले ते इंग्रजीत लिहून ठेवले. ती दैनंदिनी त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडनला छापविली. फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध त्या वेळी पेटलेले होते. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होते. सप्टेंबरात रोम हाती आल्यामुळे त्या मानाचे आता थोडेच महिने उरले होते.

आमचा तिसरा दिवस ३० नोव्हेंबरचा होता. तो तसा यावा म्हणूनच सारा बेत आखलेला होता, आणि हे सौभाग्यवतीला मी फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर सांगितले.

शहराच्या पश्चिमेस आर्नोच्या उजव्या तीराने एक लांबच लांब उपवन पसरले आहे. त्याचे नाव 'काशीने'. शब्दाचा अर्थ गोठे, दूधदुभत्याची शेते; मेदिचींच्या गाई येथे चरत. परंतु ज्याच्या गावाला दक्षिण काशी म्हणतात त्या माणसाच्या कानाला हा अर्थ कोठून ऐकू येणार? ट्राममधून उतरून आम्ही नदीच्या कडेने चालू लागलो. पानगळ संपत आली होती, वाटेवर ओल्या पानांचा थर होता, आणि पावसाने फुगलेली आर्नो श्रावणातल्या पंचगंगेसारखी तांबूस, जड वाहत होती. पश्चिम वाऱ्यावरचे आपले प्रख्यात काव्य आपण फ्लॉरेन्सजवळच्या आर्नोकाठच्या वनात योजिले असे शेली या इंग्रज कवीने नमूद केले आहे. ते वन हेच. ती गोष्ट १८१९ ची. तीन वर्षांनी तो समुद्रात बुडाला, आणि साथरोगाच्या कायद्यापायी त्याचा देह याच तोस्कानाच्या किनाऱ्यावर, व्हियारेज्जोजवळ, जाळण्यात आला.

उपवन संपते तेथे मुन्योने नावाचा एक लहान प्रवाह आर्नोला मिळतो. महाराजांबरोबरच्या मंडळींनी दहनासाठी नदीचा संगम शोधला तो हा. ख्रिस्ती राज्यात दहनाला मुभा नव्हती. नगराधिकाऱ्यांकडून खास परवाना मिळवावा लागला आणि रात्रीच्या अंधारात सारा विधी उरकावा लागला. या औदार्याचा फार मोठा गवगवा करावा असे मला वाटत नाही. मागे इंग्रज सरकारचे वजन नसते तर तो परवाना एका दिवसात हाती पडता असे मानणे भाबडेपणाचे होईल. एखाद्या बेवारशी हिंदी खलाशासाठी तो निघाला नसता. तरीही त्या रात्रीचे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सांध्यावरची थंडी, परमुलखातले अनोळखी लाकूड, तूप आणि कापूर, मंत्र म्हणणारे ते मोजके आवाज. आणि ज्या नदीने सावोनारोलाची राख शासनाच्या हुकुमावरून गिळली होती, तिच्याच पाण्याकडे हात जोडून उभी असलेली कोल्हापूरची माणसे.

१८७४ साली त्या जागी स्मारक झाले. खांबांवर पेललेली एक छत्री, तिच्याखाली रंगविलेला अर्धपुतळा. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा; छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापुरात नवा राजवाडा योजिला. त्या राजवाड्याच्या सावलीत लहानाचा मोठा झाल्यामुळे असेल, छत्रीकडे पाहताच वळणाची ओळख पटली, जशी दूरदेशी एखाद्याच्या बोलण्यातला आपल्या गावचा हेल ऐकताच मान वळते तशी. तळाशी लेख आहेत. पुतळ्यातला मुलगा, कारण तो मुलगाच आहे, मिसरूड फुटलेला, दागदागिने ल्यालेला, शांतपणे झाडांकडे पाहतो आहे. फ्लॉरेन्सकर या जागेला नुसते 'इंदियानो' म्हणतात. त्याचे नाव, गाव, घराणे सारे गळून तो केवळ 'हिंदी माणूस' उरला आहे.

आम्ही खूप वेळ काही बोललो नाही. मग सौभाग्यवतीने विचारले, "ह्यांचे तेरावे कोणी केले असेल हो?"

"बरोबरची माणसे असतील की."

"आई?"

मला उत्तर माहीत नव्हते. तिने खांद्यावरची पिशवी उघडली. सकाळी मुक्कामावरून निघताना वाटेसाठी म्हणून कागदात बांधून घेतलेला पाव त्यात होता. तिने एक तुकडा मोडला, संगमाकडच्या बुटक्या कठड्यावर ठेवला, आणि माझ्या नजरेतला प्रश्न ओळखून म्हणाली, "पिंडाच्या भातात तरी मीठ कुठे असते?"

राखी अंगाचा आणि काळ्या डोक्याचा एक कावळा पलीकडच्या फांदीवर बसला होता. इकडच्या कावळ्यांना आमचे संकेत ठाऊक असण्याचे कारण नाही. तो बसूनच राहिला; पुन्हा थेंब पडू लागले, छत्री एकच होती, आणि परतीची वाट लांब होती. काही अंतरावर, प्रचंड तारांनी तोललेला एक आधुनिक पूल आर्नो ओलांडून जातो. १९७८ साली तो पुरा झाला आणि त्यालाही त्यांनी 'इंदियानो'च नाव दिले. त्यावरून वाहनांचा अखंड घोष येत होता.

रात्री पुन्हा त्याच खानावळीत गेलो. तो वाढपी आता आम्हाला ओळखू लागला होता. टोपली पुढे ठेवीत त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, आज काय पाहिले? पिट्टी राजवाडा? उद्याने? मी म्हणालो, "इंदियानो."

त्याने भुवया उंचावल्या. "इंदियानो!" तो म्हणाला, आणि मनापासून कळवळून मान हलविली. "संध्याकाळी तिकडे फार कोंडी होते. पुन्हा जाल तर ट्रामनेच जा."